पेंटरचा बाण

“आला, आणखी एक चुकला!” गच्चीवर चादरी वाळत घालणाऱ्या बाई हसल्या. “व्यसनमुक्तीच्या मॅडमकडे ना? आल्या वाटेनं खाली उतरा. त्यांचा जिना पलीकडचा.”

पेंटर कठड्याला धरून उभा राहिला. तीन मजले चढून त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. कालपासून घेतली नव्हती, त्यामुळे सगळी दुपारच पाण्याखाली गेल्यासारखी वाटत होती. पांढऱ्या चादरी सावकाश फुगत होत्या, सावकाश खाली बसत होत्या आणि बाईंचा आवाज त्यांच्याआडून कुठूनतरी तरंगत येत होता.

“पण खाली बोर्डावर बाण तर इकडंच आहे,” तो म्हणाला.

“त्या मेल्या बाणानंच घोळ घातलाय! रंगवणारा शुद्धीवर नसणार.”

बाईंचा अंदाज अगदी बरोबर होता. तो बोर्ड पेंटरनेच रंगवला होता, आपल्या खोलीत बसून, भरपूर दारू पोटात ढकलून. लावायला दुसराच कुणी गेला. डावं की उजवं हे विचारायची शुद्ध कुणाला होती! बाण मात्र झोकदार काढला होता. मघाशी खाली तो पाहून स्वारी खूशही झाली होती आणि मुकाट्याने त्याच्यामागे वर आली होती. त्याला हसू फुटलं.

“मग सगळे उतरून तिकडं जातात ना?”

“कुठले! निम्मे इथूनच घरी. परवा एक आई मुलाला घेऊन आली होती. कसंबसं राजी केलेलं त्याला. तो म्हणाला, ‘बघ, इथं कुणीच नाही,’ आणि गेला तडक निघून. ती बसली रडत त्या पायरीवर.”

पेंटरचं हसू विरलं. त्या पायरीकडे त्याला बघवेना. घरी परतायला हे निमित्त त्यालाही पुरलं असतं. पण सकाळीच लेकीने दारात अडवलं होतं. “बाबा, आधी मॅडमना भेटून या. तोवर बाळाला तुमच्या हातात देणार नाही.”

तो उतरला आणि पलीकडचा जिना चढला.

मॅडम खिडकीपाशी डबा खात होत्या. त्याने दारातूनच सांगून टाकलं, “तुमचा बोर्ड मीच रंगवलाय. बाण चुकलाय. ब्रश घेऊन येतो, लगेच.”

“ब्रश आणायला गेलेला माणूस परत येईलच असं नाही,” मॅडमनी डबा बंद केला. “बाण उद्या करू. आता बसा. कुणासाठी आलात?”

‘मेहुण्यासाठी’ हे उत्तर वाटेतच घोकून ठेवलं होतं.

“माझ्यासाठीच,” तो म्हणाला.

“काय व्हावंसं वाटतं?”

त्याने दोन्ही हात कोपरात वाकवून छातीशी धरले, एका तळव्यावर इवलंसं डोकं पेलल्यासारखे.

“नातीला असं घ्यायचंय,” तो म्हणाला. हात रिकामेच होते, तरी त्याने ते खाली घेतले नाहीत.