तांदळावरची पुष्पांजली

नव्या नातसुनेचे कान बिघडलेत, अशी वच्छलाबाईंची तक्रार होती. गणेशची ही बायको वसईची. चहा झाला म्हटलं की खोलीतून लगेच बाहेर, पण "पुष्पांजली!" अशी अंगणभर हाक मारली तरी ढिम्म.

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलेलं हे नाव वच्छलाबाईंनी स्वतः निवडलं होतं. सुलतानपुरातल्या त्यांच्या घरात प्रत्येक सून माहेरचं नाव उंबऱ्याबाहेर ठेवूनच आली होती. आज दुपारी गल्लीतल्या बाया सून बघायला येणार. चारचौघींत ही अशी बहिरी बसली, तर वच्छलाबाईंचा शब्द उद्यापासून कोण मानणार?

म्हणून त्यांनी तिला ज्वारी निवडायला समोर बसवलं.

"काऊन वं, हाक आयकू येत नाही का तुले?"

"येते ना, आजी. पण वाटतं, दुसऱ्याच कुणाला बोलावताय. माझं नाव करिष्मा."

"ते व्हतं. तांदळावर नवं लिवलं ना?"

"त्या तांदळाची तुम्ही दुसऱ्याच दिवशी खिचडी लावलीत. मला दोनदा वाढलीत."

वच्छलाबाईंनी सुपाला नको तेवढा झटका दिला. "वसईत असंच उलटं बोलतेत का?"

"वसईचंही असंच झालं, आजी. वास म्हणजे वस्ती, त्यावरून वसई, असं आमच्या बाई सांगायच्या. समुद्रातून पोर्तुगीज आले, किल्ला बांधला नि म्हणाले, बसाईं. मग मराठ्यांनी जिंकली, त्यांनी बाजीपूर केलं. इंग्रज आले, ते बसीन लिहायला लागले."

"बाजीपूर तं झ्याक व्हतं! आपल्याइनं ठेवलेलं!"

"होतं ना. पण कोळणी टोपल्या घेऊन वसईच्याच बाजाराला जात राहिल्या. या सगळ्यांकडे तोफा होत्या, तरी जमलं नाही."

"मंग म्या आता तोफ आनू काय? खारं पानी आमच्या लोणारलेही हाये, पन ते कोनाच्या डोक्यात गेलं नाही!"

तेवढ्यात दाराशी जीप थांबली. साखरखेर्ड्याहून वच्छलाबाईंचे थोरले भाऊ कारभारी आले होते. पाय खाली टेकायच्या आधीच त्यांनी आरोळी ठोकली, "चांगुणे! ए चांगुणे!"

"आली रे दादा!"

रोज उठताना दोन माणसांचा हात लागणाऱ्या वच्छलाबाई उभ्यासुद्धा राहिल्या होत्या. सूप उलटं, ज्वारी अंगणभर. मग त्या जागीच थबकल्या. सासूनं निवडलेलं 'वच्छला' हे नावही तांदळावरच लिहिलेलं होतं. साठ वर्षं होत आली. त्या तांदळाचं पुढं काय झालं, हे कधी विचारायचं सुचलंच नव्हतं.

करिष्मा खाली मान घालून ज्वारी गोळा करत होती. खांदे मात्र हलत होते.

आणि बाया नेमक्या तेव्हाच आल्या. त्यांतल्या एकीनं बसायच्या आधीच विचारलं, "काय नाव ठेवलं वं सुनेचं?"

सगळ्या वच्छलाबाईंच्या तोंडाकडे बघू लागल्या. त्यांनी पदर खोचला, भावाकडे एकदा रागानं पाहिलं, नि सुनेकडे वळल्या.

"आयक वं करिष्मा. तोफवाल्याइले जमलं नाही, त्याच्यापाई म्या घसा फोडून घेत नाही. तुह्यं नाव ठेव तुह्यापाशी. पन आता बहिरेपन खपाचं नाही. पहिल्या हाकेले आली नाहीस, तं त्या बसीनवाल्या इंग्रजावानी बोचकं बांधून वापस धाडीन!"