डिमर ओके

"बंद करा ते. आधी बंद करा!"

अंबाजीनं इंजिनासमोर तळहात आडवा धरला. वीतभर लांबीचं इंजिन, पण त्याच्या कपाळावरचा दिवा असा जळत होता की अंबाजीच्या बोटांच्या कडा लाल दिसायला लागल्या.

"काका, हेच तर भारी आहे ना हो," युवराज म्हणाला. "जर्मनीचा माल आहे. लाइट कसा थोबाडावर मारतो बघा."

"थोबाडावरच मारतो. गाडीचा दिवा असा असतो का? मेलेला माणूस ओळखायला नेतात ना, त्या खोलीत असतो असा."

"छी, काका!" फोनच्या स्टँडशी खटपट करणारी युवराजची पुतणी प्रणिता ओरडली. "कसली व्हाइब देताय!"

युवराजचं बेगम बाजारात सुक्या मेव्याचं होलसेलचं दुकान. राहायला हिमायतनगरात. घराच्या तिसऱ्या मजल्यावर त्यानं अख्खा हॉल आगगाड्यांना दिला होता. अकरा इंजिनं, दुहेरी रूळ, प्लास्टरचे डोंगर, स्पंजची झाडं आणि चोवीस तास एसी. खरी माणसं खाली पार्किंगमध्ये उकडत बसायची, गाड्या वर गारव्यात. हा माणूस स्वतः दहा वर्षांत रेल्वेत चढला नव्हता. डब्यात घाण वास येतो म्हणायचा. आणि भिंतीवर इंग्रजीत लिहून घेतलं होतं की रेल्वे त्याच्या रक्तात आहे.

रेल्वे रक्तात नव्हे, पण अंबाजीच्या नखांत नक्की होती. सिकंदराबादच्या बाजूला एका लोको शेडमध्ये त्यानं चौतीस वर्षं इलेक्ट्रिक फिटर म्हणून काढली. रिटायर झाल्यावर अंबरपेठेत एका गाळ्यात मिक्सर आणि पंखे दुरुस्त करायचा. युवराजच्या बायकोचा मिक्सर तिथे आला, आणि मिक्सरच्या मागून चार महिन्यांपूर्वी युवराज आला. "काका, तुमी खऱ्या इंजिनाचे लाइट केले म्हणे. आमच्या इंजिनांचे बघता का?"

अंबाजीनं जाऊन पाहिलं. कंपनीनं सरसकट पांढरे एलईडी ठोकले होते. बोगद्यातून गाडी निघाली की अख्खा डोंगर पांढराफटक. वाफेच्या इंजिनालाही तोच दिवा. त्यानं एकेक इंजिन उघडलं. भिंगातून पाहत उजेड कमी करायला तांदळाएवढे रेझिस्टर बसवले, दिव्यांवर पिवळ्या वार्निशचा हात दिला. एकाला एक हात, वाफेवाल्याला तीन. चार महिन्यांत दहा इंजिनांना इंजिनासारखे दिवे आले. जर्मनीचं हे नवं अकरावं कालच आलं होतं.

पण त्याचं खरं काम वेगळंच होतं. समोरासमोर धावणाऱ्या दोन इंजिनांच्या पोटात त्यानं बारीक स्विच घातले होते आणि रुळांखाली लोहचुंबक पुरले होते. दोन गाड्या एकमेकींच्या जवळ आल्या की दोघींचे दिवे मंद व्हायचे, पार झाल्या की पुन्हा मोठे. खरा ड्रायव्हर करतो तसं. एवढं एक काम नीट व्हावं म्हणून त्यानं बाकीच्या कामाला हात घातला होता. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

"काका, उद्या हॉलचं ओपनिंग आहे," युवराज आता मुद्द्यावर आला. "शंभर लोक येणार. तुमचं ते डिम होणारं काढून टाका."

अंबाजीनं भिंग खाली ठेवलं. "का?"

"व्हिडिओत मजा येत नाही ना हो."

"फोनमध्ये असं वाटतं काका, बॅटरीच डाउन झाली," प्रणिता म्हणाली. "दोन ट्रेन क्रॉस होतात, तोच मेन शॉट. आणि तेवढ्यात लाइट जातो. एकदम फुस्स."

"जात नाही. डिम होतो. समोरच्याला दिसलं पाहिजे म्हणून करायचा असतो."

"समोर कोण आहे काका?" प्रणितानं इंजिनाच्या खिडकीत बोट दाखवलं. "हा? प्लास्टिकचा ड्रायव्हर? अंकल के आँखां में लाइट जाती क्या?"

काका-पुतणी दोघं हसली. युवराज तर मांडीवर थाप मारून हसला.

तिथेच अंबाजीचं डोकं सटकलं. त्या वेळी त्यानं पेटी उचलून घरी जायला हवं होतं. गेला नाही. बावीस वर्षं जे बायकोलाही सांगितलं नव्हतं, ते त्यानं या दोघांपुढे ओकून टाकलं.

"माणूस मेलाय माझ्या हातून," तो म्हणाला. "हसू नका."

हसणं थांबलं.

शेडमध्ये एक पद्धत होती. इंजिन बाहेर काढण्याआधी दिवे तपासायचे आणि रजिस्टरमध्ये लिहायचं : हेडलाइट ओके, डिमर ओके, खाली सही. तपासायचं म्हणजे वर चढायचं, केबिनमध्ये बटण दाबायचं, खाली उतरून समोर जाऊन पाहायचं, पुन्हा वर चढायचं. सगळे काय करायचे? ड्यूटीवर आलं की चहासोबत दिवसभराच्या सगळ्या ओळी एका बैठकीत भरून टाकायचे. इंजिन अजून शेडमध्ये आलेलंही नसायचं, त्याचा डिमर ओके झालेला असायचा. अंबाजीही तेच करायचा. अक्षर चांगलं म्हणून दुसऱ्यांच्या ओळीसुद्धा तोच भरायचा.

"एक दिवस असंच, न तपासता मी ओके लिहिलेलं एक मालगाडीचं इंजिन गेलं. डिमर जाम होता. दुसऱ्या दिवशी पहाटे दुहेरी लाइनवर यादय्या चालत होता. कीमन. रुळाच्या चाव्या ठोकत जायचा. मालगाडी समोरून आली म्हणून तो बाजूच्या रुळावर सरकला. ड्रायव्हरनं डिम करायला बटण दाबलं असेल, नसेल. दिवा तसाच. यादय्याच्या डोळ्यांपुढे नुसतं पांढरं. मागून पॅसेंजर आली, आणि तिच्या ड्रायव्हरलाही त्याच दिव्यामुळे रुळावर माणूस आहे ते दिसलं नाही."

प्रणितानं फोनचा स्टँड खाली ठेवला.

"चौकशीत लिहिलं, कीमन बेसावध होता. इंजिन शेडला परत आलं तेव्हा मी पहिल्यांदा वर चढलो. बटण दाबलं. जाम. गुपचूप दुरुस्त केलं आणि खाली उतरलो. रजिस्टरमध्ये ओके होतंच." त्यानं भिंग उचलून पेटीत ठेवलं. "यादय्या आमच्या नळावर पाणी भरायला यायचा. रोज विचारायचा, बागुन्नारा सार? बरे आहात ना, म्हणून."

कदाचित यादय्या तसाही मेला असता. हे 'कदाचित' अंबाजीनं बावीस वर्षं चघळलं होतं. त्यात आता चव राहिली नव्हती, तरी थुंकता येत नव्हतं.

युवराजनं मोठा श्वास सोडला. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. अंबाजीला क्षणभर वाटलं, कळलं याला.

"काका," युवराज म्हणाला, "हे कॅमेऱ्यावर सांगाल?"

"काय?"

"हेच. असंच. हळू आवाजात. प्रणिता, स्टँड इकडे घे गं. काका, डिमर नक्को काढू. राहू दे. बिलकुल राहू दे! आधी तुमची स्टोरी, मग दोन ट्रेन क्रॉस होतात, लाइट डिम. लोक रडतील काका, कसम से."

"गूजबंप्स येतायत मला," प्रणिता म्हणाली. तिनं खरंच हात पुढे करून दाखवला.

युवराज कपाटातून एक डबा घेऊन आला. त्यात नखाएवढी प्लास्टिकची माणसं होती. हमाल, भटजी, छत्रीवाल्या बाया. त्यातून त्यानं एक शोधून काढलं. केशरी जाकीट, खांद्यावर हातोडा.

"हा बघा. मिळाला. यादगिरी ना नाव?"

"यादय्या."

"हां, यादय्या." युवराजनं त्याच्या पायांना गोंदाचा ठिपका लावला आणि दोन रुळांच्या मधोमध त्याला उभं केलं. वाकून एक डोळा मिटून पाहिलं. थोडं डावीकडे सरकवलं. "इथे बरोबर? का अजून जवळ पाहिजे?"

 अंबाजीला युवराजचा राग नंतर आला असता. आधी स्वतःची किळस आली. हा तर मेवा विकणारा माणूस, जे हाताला लागेल ते विकणार. आपण काय केलं? खेळण्यातल्या दिव्यावरून वाद झाला आणि तो जिंकायला मेलेला माणूस पुढे केला. एकदा त्याला रजिस्टरमध्ये गाडला, आज टेबलावर मांडला.

त्यानं रुळांमधलं ते माणूस उचललं. गोंद ओला होता, बोटाला लागला. माणूस शर्टाच्या खिशात टाकलं. मग डिमरची दोन्ही इंजिनं उलटी केली, पेटीतून कटर काढला आणि पोटातल्या तारा कापल्या. कट. कट.

"ओ काका! ओ! काय करताय?"

"डिमर काढतोय. तुम्हीच म्हणालात."

"ते आधी! आता पाहिजे ना हो मला. आता स्टोरी आहे त्याला!"

 अंबाजीनं चिंधी थिनरमध्ये बुडवली आणि दिव्यांवरचं पिवळं वार्निश पुसून काढलं. रेझिस्टर काढून कंपनीची वायर थेट जोडली. बाकीच्या नऊ इंजिनांना त्यानं हात लावला नाही. कामाला पाऊण तास लागला. तेवढा वेळ युवराज आधी विनवत होता, मग ओरडत होता, मग कुणाला तरी फोनवर दुसरा मेकॅनिक विचारत होता.  सोल्डरचे सांधे स्वच्छ आले.

दोन्ही इंजिनं त्यानं रुळांवर ठेवली आणि बटण फिरवलं. दोन गाड्या समोरासमोर आल्या. डोंगर, झाडं, स्टेशन, युवराजचं तोंड, सगळं पांढरं झालं. प्रणितानं फोन सोडून डोळ्यांवर हात घेतला.

"चालतंय," अंबाजी म्हणाला. त्यानं पेटी बंद केली आणि जिना उतरला.

घरी आल्यावर त्यानं शर्ट काढून बादलीशेजारी टाकला आणि बनियनवर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसला. ज्वारीचं पीठ संपलं, पोरीचा फोन आला होता, खालच्या मजल्यावर पाणी आलं नाही, असं काय काय त्याची बायको तारामती सांगत होती. तो हौ हौ करत होता. एकीकडे बोलत तिनं शर्ट भिजवण्याआधी खिसा चाचपला.

"अहो, हे काय चिकटलंय? निघतच नाही." तिनं खिसा उलटा केला. "माणूस आहे का हो हा? कुणाचं खेळणं उचलून आणलंत?"

अंबाजी उठला. तिच्यामागचा गॅस बंद केला.

"भाजी कच्ची आहे अजून!"

"राहू दे. बस जरा."

"काय झालं? काम गेलं का?"

"काम जाऊ दे. बस तू."

त्याचा आवाज ऐकून तिनं पदराला हात पुसले आणि पाटावर बसली. शर्ट तिच्या मांडीवरच होता.  चौतीस वर्षं सरळ रेषेत ओके लिहिणाऱ्या माणसाला पहिला शब्द सापडेना. वाट पाहता पाहता ती सवयीनं नखानं ते चिकटलेलं खरवडायला लागली, तेव्हा त्यानं तिचा हात धरला.

"असू दे," तो म्हणाला. "तुटेल तो."