थ्रो-इनचा टॉवेल

मी एक जुना, जाडाभरडा, डाग पडलेला टॉवेल आहे, आणि हे मी मान खाली घालून सांगत नाही. मुळात मला मान नाही, पण असती तरी खाली घातली नसती. मित्रांनो, तुम्ही वहीत अशी आत्मवृत्तं लिहिली असतील. त्यांत छत्री रडते, फाटका बूट रडतो, पडकी विहीर तर हुंदके देते. माझ्याकडून ती आशा ठेवू नका. ओलं होणं हा माझा धंदा आहे, रडणं नाही.

माझा जन्म एका गिरणीत झाला. तिथून कडेला निळी पट्टी मिरवत मी एका मोठ्या हॉटेलात गेलो. खरं सांगायचं तर नवेपणी मी अगदी कुचकामी होतो. नवा टॉवेल पाणी पुसत नाही, नुसतं इकडून तिकडे सरकवतो. पुष्कळ धुण्यांनंतर कुठे त्याच्या अंगात तहान येते. माझ्या अंगात ती आली आणि त्याच आठवड्यात एका पाहुण्याने केसांचा काळा कलप माझ्यावर पुसला. डाग निघेना, तेव्हा मला चिंध्यांच्या ढिगात टाकलं. डाग पाडणाऱ्याला मात्र गाडीपर्यंत सोडायला माणूस गेला. त्या दिवसापासून मी डागाची लाज सोडून दिली. तो माझा नव्हताच.

हॉटेलचे कपडे ज्या लाँड्रीत धुवायला जात, तिथे कामाला असलेल्या एका बाईने मला ढिगातून उचललं. तिला मी आत्या म्हणणार आहे, कारण या गोष्टीतली मुलगी तिला तसंच म्हणते. आत्याचे हात फार लांब होते. पुस्तकातल्या वीराचे हात गुडघ्यापर्यंत पोचले, की त्याला आजानुबाहू म्हणतात आणि नमस्कार करतात. बाईचे पोचले, की शिंपी कपाळाला हात लावतो. शाळेत वर्गाचा फोटो काढताना बाईंनी तिला हात पाठीमागे घ्यायला लावले होते. पुढे जन्मभर ती हाताची घडी घालून उभी राहायची, बसमध्ये, रांगेत, स्वतःच्या दारातसुद्धा. कामावर तेवढी घडी सुटायची. ओल्या चादरी वाळत घालायला बाकीच्या बायका स्टूल शोधत, आत्या उभ्या उभ्या दोरी गाठायची.

तिच्या भाचीला हेच हात मिळाले. आत्याच्या भावाला, म्हणजे पोरीच्या बापाला, वगळून ते थेट पोरीकडे आले होते. भाऊ लांब पल्ल्याच्या ट्रकवर, वहिनी दिवसभर दुकानात, त्यामुळे पोर आत्याच्या मागे मागे लाँड्रीच्या अंगणातच वाढली. मुलं तिला शिडी म्हणत. आत्या मायेने तिचे केस विंचरायची, डब्यातली मोठी वाटणी तिला द्यायची आणि दिवसातून चारदा बजावायची, "हात आवर." त्यात राग नसायचा. आपल्याला जे टोचलं ते पोरीला टोचू नये, एवढंच तिला वाटायचं. पण मला ते ऐकवत नसे. माझी चार पदरी घडी घालून कपाटात ठेवलं, की मला कसं वाटतं ते मला ठाऊक आहे.

लाँड्रीच्या भिंतीपलीकडे एका क्लबचं फुटबॉलचं मैदान होतं. एकदा चेंडू भिंतीवरून आला आणि चादरींमध्ये पडला. शिडीने तो दोन्ही हातांनी डोक्यामागे नेला आणि परत फेकला. थोड्याच वेळात मुलींच्या संघाचे कोच फाटकातून आत आले. त्यांच्या शर्टावर चहा सांडलेला होता, आणि चेंडू आला तेव्हा ते मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला बसून चहा पीत होते.

"लाथ कोणी मारली?" त्यांनी विचारलं.

आत्याने घाईघाईने हाताची घडी घातली. शिडी म्हणाली, "लाथ नाही मारली. फेकला."

कोचनी शर्टाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मग शिडीच्या हातांकडे पाहिलं. "पुन्हा फेकून दाखव," ते म्हणाले.

अशी शिडी संघात आली आणि तिच्यामागून मीही आलो. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला, की तो दोन्ही हातांनी डोक्यावरून आत फेकायचा असतो. त्याला थ्रो-इन म्हणतात. बाकीच्या मुली तो जवळच्या मैत्रिणीकडे टाकत. शिडी तो थेट गोलच्या तोंडाशी नेऊन टाकायची. मात्र चेंडू ओला असला, की हातातून सटकतो. म्हणून आत्या रेषेबाहेर मला घेऊन उभी राहायची. शिडी यायची, चेंडू माझ्यात घोळवायची आणि दोन पावलं मागे जाऊन फेकायची. चिखल, गवत, घाम, सगळं मी पोटात घेतलं. हॉटेलात मी बड्या बड्या लोकांची तोंडं पुसली आहेत, पण तो मान वेगळाच होता.

सुरुवातीला सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. गोल होऊ लागले, तसं कौतुक आंबू लागलं. "हा फुटबॉल नव्हे, फेकाफेकी आहे." "पायाने काय येतं तिला?" पायाने ती बेताचीच खेळायची, हे मी लपवत नाही. पण खरी मळमळ निराळी होती. "जन्मजातच हात तसे आहेत, तिचं काय कौतुक?" असं लोक म्हणत. वा रे वा. संघाच्या कप्तानाचे पाय वाऱ्यासारखे पळत, ते काय तिने बाजारातून आणले होते? तिच्या पायांना कौशल्य म्हणायचं आणि हिच्या हातांना लबाडी, हा कुठला हिशेब? शिडी रोज सकाळी भिजलेल्या चादरींचा बोळा करून भिंतीवर फेकत सराव करायची. रात्री तिचे खांदे ठणकायचे. तेव्हा बघायला कोणी येत नव्हतं.

शेवटी क्लबच्या चिटणीसांनी नाक मुरडलं. उपांत्य सामन्याआधी त्यांनी शिडीला बोलावून सांगितलं, "आज तुझ्या त्या फेकीतून गोल झाला तर ठीक. नाहीतर उद्यापासून बाकावर. पायाने खेळणाऱ्या मुली आहेत आपल्याकडे." कोच बाजूला उभे राहून शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

सामना समोरच्या संघाच्या मैदानावर होता, आणि त्यांनी तयारी चोख केली होती. दोन्ही बाजूंची बाकं ओढून रेषेला खेटून ठेवली होती, म्हणजे शिडीला मागे जायला जागाच उरू नये. रेषेजवळच्या गवतावर सकाळीच पाइप सोडला होता, म्हणजे चेंडू निसरडा व्हावा. पण त्यांचा खरा डाव त्यांची गोलकीपर होती. तिला सगळे मांजर म्हणत. डोळ्याला चेंडू दिसायच्या आधी तिचे हात तिथे पोचलेले असत. हेही जन्मजातच. मात्र तिच्याबद्दल कोणी नाक मुरडत नव्हतं, कारण ती त्यांची होती.

आता एक नियम ऐका, म्हणजे पुढची गंमत कळेल. थ्रो-इनचा चेंडू कोणालाही न लागता थेट गोलमध्ये गेला, तर तो गोल धरत नाहीत. वाटेत कोणाचाही स्पर्श झाला, अगदी गोलकीपरचासुद्धा, तर धरतात. म्हणून त्यांच्या कोचबाईंनी मांजरीला एकच गोष्ट घोटून शिकवली होती. शिडीने फेकला, की हात पाठीमागे. चेंडूला शिवायचं नाही. सरावात म्हणे तिचे हात पट्टीने मागे बांधून ठेवत.

पूर्वार्धात शिडीला पहिला थ्रो मिळाला. मागे जायला जागा नव्हती. तिने चेंडू माझ्यात घोळवला आणि जागच्या जागी उभं राहून फेकला. तो सगळ्यांच्या डोक्यांवरून गेला, मांजरीने हात मागे घेतले, आणि चेंडू कोणालाही न लागता जाळीत जाऊन बसला. पंचांनी गोल नाही म्हणून खूण केली. लोक खो खो हसले. एवढा लांब फेकला म्हणून हसले, याचा मला फार राग आला. जवळ पडला असता तर टाळ्या वाजवल्या असत्या.

मध्यंतरात आत्या शिडीजवळ गेली. मी तिच्या खांद्यावर होतो, त्यामुळे सगळं ऐकलं.

"पुरे झालं, बाळा," ती हळूच म्हणाली. "लोक हसतात. हात आवर आणि पायाने जेवढं जमेल तेवढं खेळ."

शिडीने पाण्याची बाटली खाली ठेवली. "पायाने जमत नाही, आत्या. तुला माहितीये. मला हे जमतं."

"म्हणून तर भीती वाटते गं."

"मग घडी सोड ना हातांची. तू अशी उभी राहिलीस, की मला वाटतं आपणच काहीतरी चोरलंय."

आत्याची घडी सुटली नाही. जन्माची सवय होती ती.

उत्तरार्ध सुरू होताच समोरच्या कोचबाई पंचांकडे गेल्या. लोक हसले होते, पण त्या हसल्या नव्हत्या. धावायला जागा नसताना चेंडू तिथवर गेला, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. "बाहेरचा टॉवेल कसा चालतो?" त्यांनी विचारलं. पंचांनी मान डोलावली. माझी उचलबांगडी झाली, आणि कोणीतरी मला गोलच्या मागे भिरकावलं. मी जाळीला अडकून लोंबत राहिलो. शेजारी मांजरीचा स्वतःचा गुलाबी टॉवेल ऐटीत टांगलेला होता. गोलकीपरचा टॉवेल चालतो म्हणे.

पण मित्रांनो, मला तिथे टाकून त्यांनी एक चूक केली. तिथून मला मांजरीची पाठ दिसत होती. पाठीमागे तिने एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट गच्च धरलं होतं, आणि धरलेल्या हाताची बोटं सारखी वळवळत होती. चेंडू कुठेही उडाला, की ती बोटं उडायची. तिचं डोकं कोचबाईंचं ऐकत होतं, हात ऐकत नव्हते. ओरडून हे शिडीला सांगावंसं वाटलं. टॉवेलला तोंड नसतं, याचं दुःख मला आयुष्यात तेवढं एकदाच झालं.

सांगायची गरज पडली नाही. दुसरा थ्रो शिडीने जर्सीच्या आतल्या बाजूला चेंडू पुसून फेकला. तो आडव्या दांडीवरून गेला. पुन्हा हशा. पण चेंडू दांडीजवळ येताच मांजरीची कोपरं पंखांसारखी उघडली आणि मिटली, आणि शिडी चेंडूकडे पाहतच नव्हती. ती त्या कोपरांकडे पाहत होती.

सामना संपत आला. बरोबरी होती. चिटणीस घड्याळ पाहून उसासे टाकत होते. तेवढ्यात आमच्या संघाला थ्रो मिळाला, आणि तो अखेरचा असणार हे सगळ्यांना कळलं. शिडीने आधी धावत जाऊन कप्तानाच्या कानात काहीतरी सांगितलं. कप्तान आली आणि मांजरीच्या अगदी समोर, तिच्याकडे तोंड करून उभी राहिली. मांजरीला आता कप्तानाच्या चेहऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं. तिने मनगट आणखी घट्ट धरलं.

शिडीने चेंडू पोटाशी धरून पुसला. दोन्ही हात पूर्ण मागे नेले, आजवर नेले नव्हते इतके. चेंडू या वेळी उंच गेला नाही. तो सपाट, सणसणत, थेट कप्तानाच्या डोक्याच्या रोखाने आला, आणि आवाज जवळ येताच ऐनवेळी कप्तान मटकन खाली बसली.

मांजरीच्या नाकासमोर एकाएकी चेंडू होता. मनगट सुटलं. दोन्ही तळवे वर आले, चेंडू त्यांवर आपटला, उडाला आणि जाळीत माझ्या शेजारी येऊन पडला.

गोल होता. निखळ, नियमातला, पंचांनी शिट्टी फुंकून दिलेला गोल.

कोचबाई रेषेवरून ओरडल्या, "हात कशाला लावलेस?"

मांजर आपल्या तळव्यांकडे बघत होती. "मी नाही लावले, बाई," ती म्हणाली. "लागले." आणि मग ती चक्क हसली. मला जाळीतून सोडवून तिने शिडीच्या हातात दिलं. "घे तुझा टॉवेल. आणि आठवडाभर माझे हात बांधून ठेवले होते, ते तुझ्यामुळे सुटले."

तिकडे रेषेबाहेर काय झालं, तेही सांगतो. आत्याचे दोन्ही हात वर गेले होते. कधी गेले, तिलाही कळलं नसावं. ते इतके वर होते, की मागच्या लोकांना मैदान दिसेना. त्यांच्यातला एक जण वैतागून म्हणाला, "ओ बाई, हात खाली घ्या. काही दिसत नाही."

आत्याने मागे वळून पाहिलं. "नाही घेणार," ती म्हणाली.

पुढे समोरच्या क्लबने रेषेवर टॉवेल आणायला बंदी घातली. घालू द्या. चिटणीस आता शिडीला आमची मुलगी म्हणतात. म्हणू द्या. मी कडेने फाटलो आहे, निळी पट्टी पुसट झाली आहे, आणि परवा कोणीतरी मला सायकल पुसायला घेतलं होतं. मला जपून ठेवा, असं मी म्हणणार नाही. घडी घालून कपाटात तर मुळीच ठेवू नका. पण मित्रांनो, त्या पोरीचे खांदे अजून रात्री ठणकतात. जन्मजात आहे म्हणून दुखत नाही, असं कोणी समजू नये. मला गरम पाण्यात बुडवा, घट्ट पिळा आणि त्या खांद्यांवर टाका. सकाळी तिला पुन्हा फेकायचं आहे.