गच्चीवर गेलेली डबी

नवं राज्य झाल्यापासून रायपुरात रोज कोणीतरी काहीतरी मोजायला येतं. रस्ते मोजून झाले, डोकी मोजून झाली, आणि एका दुपारी विद्यापीठातली नीलिमा नावाची मुलगी पुरानी बस्तीतल्या आमच्या घरी जमिनीतला वायू मोजायला आली. रेडॉन म्हणे. खालच्या खडकातून, मातीच्या भेगांतून वर येतो. ना रंग, ना वास. बंद खोलीत साचतो आणि वर्षानुवर्षं फुप्फुसं पोखरतो. तिला साऱ्या शहराचा नकाशा करायचा होता. तिनं मधल्या खोलीत वायू टिपणारी प्लास्टिकची एक डबी तीन महिन्यांसाठी टांगली आणि सहज विचारलं, "काकू, इथे खिडकी नाही?"

मला तेवढंच हवं होतं. खिडकी होती. बोळापलीकडे, अगदी समोर, धाकट्या दिरांची, शेखरभावजींची खिडकी होती. एका उन्हाळ्यात त्यांच्या कूलरची घरघर आमच्या ह्यांच्या झोपेत आली, शब्दाला शब्द लागला, आणि आमचे यशवंतराव, रेल्वेतून रिटायर झालेला शहाणासुरता माणूस, स्वतः थापी घेऊन आमची खिडकी विटांनी बुजवून मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी भावजींनी त्यांची बुजवली. तेव्हापासून सख्खे भाऊ बोलत नाहीत आणि मी कोंदट खोलीत झोपते. खिडकी उघडा म्हटलं की ह्यांचं एकच, "पहिले त्यानं खोलावी."

"नंबर जास्त आला तर खिडकी खोलावीच लागेल, काका," नीलिमा म्हणाली. हे नुसते हसले.

आठवडाभरानं मी मिरच्या वाळत घालायला गच्चीवर गेले, तर डबी दोरीवर माझ्या साडीशेजारी डोलत होती.

"हे काय करून राहिले तुम्ही?"

"तिले हवा दाखवून राहिलो."

ह्यांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. नीलिमाला सांगावं असं दहादा मनात आलं, पण नवऱ्याची लबाडी परक्या पोरीसमोर कशी उघडी करायची? मी आतल्या आत जळत राहिले.

तीन महिन्यांनी ह्यांनी डबी गुपचूप परत मधल्या खोलीत टांगली; नीलिमा ती घेऊन गेली आणि काही दिवसांनी नकाशा घेऊन आली. हिरवं घर म्हणजे धोका कमी, लाल म्हणजे जास्त. आमचं घर हिरवंगार. ह्यांनी माझ्याकडे निवडणूक जिंकल्यासारखं पाहिलं.

"पर एक बात समझी नहीं, काका," नीलिमा म्हणाली. "शेखरकाकांचं घर पूर्ण गल्लीत सगळ्यात लाल आहे. माती एकच, खालचा चुनखडक एकच, मध्ये फक्त बोळ. ते रोज त्या बंद खोलीतच झोपतात. खिडकी खोला म्हटलं तर म्हणतात, पहिले दादानं खोलावी. मले तर त्यांची फिकर वाटते."

ह्यांचा चेहरा उतरला. त्यांनी त्या लाल ठिपक्यावर बोट ठेवलं.

"त्याले लहानपणापासून दमा हाय," हे म्हणाले. "पोरी, आमचा हिरवा रंग खोटा हाय. डबी मी गच्चीवर ठेवत होतो. आमचं घरबी लालच असंन."

नीलिमा भडकली, आणि भडकायलाच हवी होती. पण ऐकायला हे थांबलेच नाहीत. छन्नी-हातोडा घेऊन बोळात गेले. मला वाटलं, आली एकदाची माझी खिडकी. पण ठोके पडू लागले ते पलीकडच्या भिंतीवर.

"कोण हाय रे?" आतून भावजींचा आवाज आला.

"मी."

आत खाट करकरली.

"काय करून राहिला, दादा?"

"तुह्या खिडकीच्या विटा काढून राहिलो. दम्याचा माणूस अन् असा कोठडीत झोपते. अक्कल हाय का तुले?"

"मंग वरची वीट पहिले काढ. नाही तं पायावर पडंन."

वीट निघाली. त्या भोकातून भावजींचा चेहरा दिसला. केवढे पिकले होते.

"अन् वहिनीची खिडकी?" भावजींनी विचारलं.

"ते तू फोड," हे खाली बघत म्हणाले. "माह्या हातची वीट मले निघत नाही."

भावजी बनियनवरच बोळात आले आणि ह्यांच्या हातातून हातोडा घेतला. मी आत मधल्या खोलीत जाऊन उभी राहिले. पहिला घाव बसला आणि मला रडू फुटलं. विटांची धूळ अंगावर येत होती, तरी मी जागची हलले नाही.