पडद्यामागच्या दोन जोड्या

ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात तीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला सगळे कानसेन म्हणत, आणि मनातून त्याला ते आवडेही. घरातल्या पुस्तकांच्या कपाटात ठेवायचे स्पीकर निवडायला मात्र या कानसेनाने तीन महिने लावले. शेवटी यादीत दोन जोड्या उरल्या. दोन्ही डोळे पांढरे करणाऱ्या किमतीच्या.

"अहो, घर घेतानासुद्धा एवढा घोळ घातला नव्हता तुम्ही," बायको म्हणाली.

घोळाचं खरं कारण त्याने तिलाही सांगितलं नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी स्टुडिओत एका गाण्यातली बारीकशी खरखर त्याच्या कानातून निसटली होती. हाताखालच्या मुलीने ती दाखवून दिली. तेव्हापासून एकच धास्ती. कानच गेले तर याच्याकडे दुसरं होतं काय? दुकानात जाणं म्हणजे परीक्षेला बसणं, म्हणून तो ते पुढे ढकलत राहिला.

अखेर मेहुण्याने त्याला ओढत नेलं. मेहुणा दातांचा डॉक्टर. सल्ला मात्र सगळ्या जगाला देणारा.

दुकानदाराची पद्धत कडक होती. गिऱ्हाईक डोळ्यांनी ऐकतं, असं त्याचं मत. त्यामुळे दोन्ही जोड्या पडद्यामागे, आणि वायर बदलणार तो स्वतः. पहिली जोडी वाजली: पियानो आणि एका बाईचा आवाज. मग तो पडद्यामागे वायर बदलायला गेला, तर मेहुणा तिथेही पोचला. गॅरंटी किती, रंग उडतो का, वर कुंडी ठेवली तर चालेल का?

गाणं पुन्हा वाजलं.

"वा! जमीन-अस्मानाचा फरक!" मेहुणा ओरडला. "आवाज कसा मोकळा झालाय, भाऊजी!"

कानसेनला तसूभरही फरक कळला नाही. मान डोलावली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण जे ऐकलं नाही ते ऐकलं म्हणायचं नाही, हा नेम त्याने तीस वर्षं पाळला होता.

"मला दोन्ही एकच वाटतात," तो हळूच म्हणाला. "बहुतेक माझे कान गेले."

दुकानदार चमकून पडद्यामागे गेला आणि ओशाळून बाहेर आला.

"माफ करा, साहेब. यांच्या प्रश्नांच्या नादात वायर काढली आणि परत त्याच जोडीला लावली. दोन्ही वेळा पहिलीच वाजत होती."

कानसेन मटकन खुर्चीत बसला. "आता नीट लावा," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

दुसऱ्या जोडीच्या पहिल्या दोन सुरांतच तो सरळ बसला. ही जोडी कोरडी होती, खर्ज आवरून धरणारी. "आणि पियानोवाल्याचा बूट घासतोय पेडलवर," तो म्हणाला.

दुकानदाराने कान दिला. "मला नाही बुवा ऐकू येत."

कानसेनचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवलेही नाहीत. एखादी खरखर निसटली असेल; माणूस आहे, निसटायचीच.

"पण मला खरंच मोकळा वाटला होता हो आवाज," मेहुणा पुटपुटला.

"तू दात बघ," कानसेन म्हणाला, आणि कित्येक दिवसांनी पोट धरून हसला.

"मग कुठली जोडी बांधू, साहेब?" दुकानदाराने विचारलं.

"कुठलीही बांधा हो," तो डोळे पुसत म्हणाला.