घरात न चालणारा शब्द

आळेफाट्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "सुमतीआजींच्या पायाची करंगळी आजच कापावी लागेल. साखर फार वाढलीय. थांबलो तर पाय जाईल. त्यांची सही घ्या." फॉर्म माझ्या हातात देऊन त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या.

आमच्या घरात 'कापणं' हा शब्द चालत नाही. आम्ही जैन. भाजीसुद्धा कापत नाही, चिरत नाही, 'सुधारतो'. विळी तीच, दुधी तोच, पण 'काप' म्हटलं की हिंसेचा दोष लागतो, असं आई सांगायची. त्यातूनच मला शब्दांच्या छटा टिपायचं वेड लागलं असावं. मंचरच्या आमच्या भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी वहीत लिहायचो : भीती येते आणि जाते, धास्ती घर करून राहते. बरोबर की चूक, कुणाला विचारायचं धाडस झालं नाही.

सुमती, माझी बायको, खाटेवर पाय पसरून बसली होती. काळी पडलेली करंगळी फडक्याखाली होती.

"काय म्हणाल्या?"

"किरकोळ शस्त्रक्रिया आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे... करंगळी जरा काढणार."

"जरा काढणार म्हणजे?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "सुधारणार."

"सुधारणार? करंगळी म्हणजे काय दुधी आहे?"

शेजारच्या खाटेवरच्या लंकाबाई पदराआड हसल्या. सुमती हसली नाही. तिचे ओठ पांढरे पडले.

"मी सही करणार नाही. माझी आई वारली तेव्हाही 'त्यांना जरा बरं नाही' म्हणून मला गाडीत बसवलंत. तुम्ही मऊ बोलायला लागलात की मी वाईटच धरून चालते. पाय जाणार ना माझा? की मीच?"

मऊ शब्दानं भीती कमी होते, असं मी जन्मभर समजत आलो. माझी होत असेल. तिला मात्र त्यातला प्रत्येक शब्द त्या गाडीत नेऊन बसवत होता.

"बाबा, सांगा की सरळ," लंकाबाई म्हणाल्या. "माझा अंगठा कापला दोन वर्सांखाली. अजून कांदं काढाया जातीया मी. तुमचं त्वांड बघूनच त्या भ्याल्यात."

डॉक्टरीणबाई दारात आल्या. "झाली का सही?"

मी सुमतीचा हात धरला.

"करंगळी कापणार आहेत. फक्त करंगळी. नाही कापली तर पाय कापावा लागेल. तोही नाही कापला तर तू मरशील."

ती म्हणाली, "पेन द्या."

सही करून ती नवकार मंत्र म्हणू लागली. स्ट्रेचर दारापाशी पोचल्यावर तिनं मान वळवली.

"घरी मात्र 'सुधारली'च म्हणायचं हं."

दार लागलं. मी तिच्या रिकाम्या खाटेच्या कडेवर बसलो. वही खिशात होती. हात गेला नाही. 'घरी', असं म्हणाली होती ती. तेवढाच शब्द घट्ट धरून मी दाराकडे बघत राहिलो.