तळातला भाव

संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक वस्तूसमोर तीन चौकोन होते. पहिल्यात खरेदी किंमत लिहायची, दुसऱ्यात विक्री किंमत. तिसरा चौकोन राखाडी होता. त्यात आपल्याला काही लिहिता येत नसे. साठ्याचं मूल्य तिथं आपोआप उमटायचं.

बाईंना तो तिसरा चौकोन पहिल्या दिवसापासून खटकत होता. चौतीस वर्षं त्यांनी प्राथमिक शाळेत गणित शिकवलं होतं, आणि रीत न दाखवता नुसतं उत्तर लिहिणाऱ्या मुलाला त्या हमखास फळ्याशी बोलवायच्या.

दुकान शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं होतं. सुया, बॉबिन, शटल, पट्टे, स्प्रिंगा. ते त्यांच्या नवऱ्याचं, ज्याला सगळी गल्ली मालक म्हणायची. मालक जाऊन आठ महिने झाले होते. मूलबाळ नव्हतं. वर दोन खोल्या, खाली दुकान, मधे सतरा पायऱ्या. सकाळी नऊला बाई खाली उतरायच्या, आणि पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत त्यांच्या तोंडून एक शब्द निघालेला नसायचा. कधी कधी साडेअकरा वाजायचे. मग “काय हवं?” हे दोन शब्दसुद्धा खाकरून म्हणावे लागायचे.

धाकटे दीर एकदा मुद्दाम वेळ काढून आले आणि काउंटरच्या अलीकडे, गिऱ्हाइकाच्या बाजूलाच उभे राहिले.

“वहिनी, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. माल तुमचा. पण जागा आम्हां दोघा भावांची, म्हणजे आता तुमची-माझी. कुरियरवाले मागताहेत. भाडं चांगलं देताहेत.”

“आणि मी कुठं बसू?”

“वर तुमच्या खोल्या आहेतच की. त्यांना कोण हात लावतंय?”

“वर बसायला जागा आहे, भाऊजी. वर कुणी येत नाही.”

दिरांनी पंख्याकडे पाहिलं. ते वाईट नव्हते. आपलं बरोबर असूनही समोरच्याला लागतंय, हे कळलं की त्यांची चुळबूळ व्हायची.

“बरं, असं करू. दुकानात दम असेल तर मी भाड्याचं नाव काढणार नाही. दादानं कधी कागदावर काही ठेवलंच नाही, तेव्हा तुम्ही सगळ्या मालाची यादी करा. पाच लाखांचा निघाला तर बसा खुशाल, हवं तितकी वर्षं. नाही निघाला तर मग हट्ट धरू नका.”

“पाचच का?”

“काहीतरी आकडा हवा ना.”

सॉफ्टवेअर त्यांनीच बसवून दिलं, आणि हेल्पलाइनचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून भिंतीला चिकटवला.

हेल्पलाइनवर एक बाईमाणूस बोलायची. आवाजावरून तिशीतली. बाई दिवसातून एकदा तरी फोन करत. सुरुवातीला खरोखरच अडायचं. नंतर थोडंसंच अडलं तरी चालायचं.

“मॅडम, खरेदी किंमत म्हणजे तुम्हाला वस्तू कितीला पडली ते.”

“बिलावरची, की दुकानात येईपर्यंतची? वाहतूक, हमाली?”

“फळीवर येईपर्यंत जेवढं घातलंत तेवढं. आणि विक्री किंमत म्हणजे तुम्ही गिऱ्हाइकाला सांगता ती.”

“ती माझ्या मर्जीची.”

“अगदी. आणि मूल्य सॉफ्टवेअर काढतं. नग गुणिले खरेदी किंमत.”

“विक्री किमतीनं का नाही गुणत? शंभरला विकणार आहे मी.”

“विकलं नाही ना अजून, मॅडम. नफा विकल्यावर धरायचा.”

“बाजारात तुरी,” बाई म्हणाल्या, आणि पलीकडची हसली. तो फोन ठेवल्यावर बाई बराच वेळ खुशीत होत्या. वर्गातला अबोल मुलगा अचानक हसला की असं वाटायचं.

मालकांचं कागदावर काही नव्हतं हे तितकंसं खरं नव्हतं. प्रत्येक खोक्याच्या झाकणावर आतल्या बाजूला ते पेन्सिलीनं खरेदीचा भाव लिहीत. नवा माल आला की जुन्या आकड्यावर रेघ आणि खाली नवा आकडा. शटलच्या झाकणावर अठरा खोडलेले, एकतीस खोडलेले, पंचावन्न खोडलेले, आणि शेवटी स्वच्छ नव्वद. बाईंनी साठ शटल मोजली आणि पहिल्या चौकोनात नव्वद लिहिलं. न खोडलेला आकडा हेच उत्तर, यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं. मूल्याच्या चौकोनात पाच हजार चारशे उमटले.

अशी दोनशे चौदा खोकी झाली तेव्हा खालच्या कोपऱ्यात बेरीज आली, सहा लाख बारा हजार. बाईंनी पडद्याचा फोटो दिरांना पाठवला.

“वहिनी, कमाल आहे,” दीर फोनवर म्हणाले. “दादा छुपा रुस्तम निघाला. कुरियरवाल्यांना नाही सांगतो. शब्द म्हणजे शब्द.”

त्या दिवशी बाईंनी मालकांच्या लाकडी स्टुलाला नवी गादी शिवून घेतली.

ती शिवून देणारा टेलर पुढच्याच आठवड्यात शटल घ्यायला आला. तीस वर्षांचं जुनं गिऱ्हाईक. कामाचं थोडं आणि टोमण्याचं जास्त बोलायचा.

“एक शटल द्या बाई. आणि भाव असा सांगा की घरी बायको विचारेल तेव्हा मला खरं सांगता येईल.”

बाईंनी खोक्यातलं वरचं उचललं. “एकशेदहा.”

“वरचं नको. तळातलं द्या.”

“तळातलं काय वेगळं असतं?”

टेलर काउंटरवर रेलला. “बाई, तुम्ही आम्हाला बेरीज शिकवलीत आणि मालकांनी वजाबाकी. नव्या गिऱ्हाइकाला वरचं, नव्या भावानं. जुन्याला तळातलं, जुन्या भावानं. ‘मला जितक्याला पडलं त्यावर दोन घेतो,’ म्हणायचे. वीस वर्षं मी शटल वीसलाच नेतोय. त्या अठराच्या मालात लोखंड पण बरं होतं.”

बाईंनी हात खाली घातला. वरची सहा शटल बाजूला केल्यावर एक खाकी कागद लागला. त्याखाली आणखी काही शटल, मग निळा कागद, मग पिवळा पडलेला पांढरा. प्रत्येक खेपेचा माल मालकांनी वेगळा ठेवला होता, थरावर थर. झाकणावर खोडलेले आकडे चुकीचे नव्हतेच. प्रत्येक आकड्याचा माल खाली शाबूत होता.

“वीसच ना?” टेलरनं विचारलं.

“वीस,” बाई म्हणाल्या.

तो गेल्यावर त्यांनी खोकं पालथं केलं. सहा नव्वदची, म्हणजे पाचशे चाळीस. चौदा पंचावन्नची, सातशे सत्तर. वीस एकतीसची, सहाशे वीस. एकोणीस अठराची, आणि एक आत्ताच गेलेलं, तीनशे साठ. एकूण दोन हजार दोनशे नव्वद. पडद्यावर पाच हजार चारशे होते.

त्यांनी भिंतीवरचा नंबर लावला. तो आता पाठ होता, तरी चिठ्ठीकडे बघून लावला.

“मॅडम, हे नेहमी होतं,” हेल्पलाइनवरची म्हणाली. “प्रत्येक खेप वेगळी भरा, सॉफ्टवेअर सरासरी काढेल. शटलची सरासरी अडतीसच्या आसपास येईल.”

“सगळी खोकी अशी असतील तर?”

“मग एकूण मूल्य बरंच उतरेल.” तिनं आवाज थोडा खाली आणला. “नाही भरलं तरी चालतं, मॅडम. सेटिंगमध्ये ‘शेवटची खरेदी किंमत’ असा पर्याय आहे. तुमचं आत्ता तेच आहे. काहीजण तेच ठेवतात.”

“म्हणजे हे चूक नाही?”

“सॉफ्टवेअर चूक म्हणणार नाही. आज नव्यानं आणायचं तर कितीला पडेल, त्याचा अंदाज घ्यायला तो पर्याय बरा. तुम्ही किती घातलंत हे मात्र त्यावरून कळत नाही. तुम्हाला कुणी नेमकं काय विचारलंय, मॅडम?”

बाई राखाडी चौकोनाकडे बघत होत्या.

“हॅलो? मॅडम, आहात ना?”

“आहे,” बाई म्हणाल्या. “मीच आहे.”

चार दिवस त्यांनी एकही खोकं उघडलं नाही. सहा लाख बारा हजार पडद्यावर तसेच राहिले. दिरांनी पुन्हा विचारलं नसतं, आणि विचारलं असतं तरी सेटिंगमधली ती ओळ दाखवता आली असती. दुपारी तीनच्या सुमाराला रस्ता ओस पडला की बाई मनात दोन्ही बाजू मांडून बघायच्या. एका बाजूला रोज येणारी पाच-सहा माणसं. कुणी सुई मागणारं, कुणी पत्ता विचारणारं, कुणी सुट्टे पैसे. वर गेलं की ती शून्य. दुसऱ्या बाजूला आपल्याला ठाऊक असलेला एक आकडा, जो दुसऱ्या कुणालाही ठाऊक नाही. दुसरी बाजू हलकी होती. अगदीच हलकी होती. पण रात्री ताट वाढून घेताना, सकाळी केस विंचरताना, पायऱ्या उतरताना ती बरोबर असायची. आधीच घरात बोलायला कुणी नाही, त्यात एका गोष्टीबद्दल स्वतःशीही बोलायचं नाही, असं व्हायला लागलं होतं.

पाचव्या दिवशी त्यांनी पहिलं खोकं काउंटरवर घेतलं आणि कागदांचे थर मोजायला बसल्या.

तीन आठवडे लागले. कुठल्या खेपेत मालकांनी हौसेनं जास्त माल उचलला होता, कुठल्या वर्षी हात आखडला होता, ते थरांवरून कळत गेलं. पट्ट्यांच्या खोक्यात तळाशी शंभर पट्टे होते आणि वर फक्त तीन, आणताना बांधलेल्या दोरीत अजून तसेच. शेवटच्या खेपेला नवरा तीन पट्टे घेऊन आला होता, आणि घरी येऊन काही बोलला नव्हता. धंदा बसत चाललाय हे त्यानं त्या तीन पट्ट्यांना सांगितलं, आपल्याला नाही, असं बाईंच्या मनात आलं. त्या जेवायला वर गेल्या नाहीत.

शेवटचं खोकं भरलं तेव्हा बेरीज आली, तीन लाख एकाहत्तर हजार.

“आधी सहा, आता पावणेचार,” दीर फोनवर म्हणाले. “वहिनी, महिना-सव्वा महिन्यात सव्वादोन-अडीच लाख गेले कुठं?”

“गेले कुठं नाहीत, भाऊजी. नव्हतेच.” आणि त्यांनी खोक्याचं सगळं सांगितलं. सावकाश, एकेक पायरी, दिरांच्या ‘हं’ची वाट बघत.

“तुम्ही सांगितलं नसतं तर मला काय कळणार होतं?”

“नसतंच कळलं.”

“मग?”

“तुम्ही विचारलं होतंत, माल कितीचा आहे. उत्तर चुकलं होतं.”

दीर आता म्हणतील की राहू द्या, असं बाईंना वाटून गेलं. वाटू द्यायचं नाही असं ठरवलं होतं, तरी वाटलं.

“वहिनी, माझ्या धाकटीच्या कॉलेजची फी आहे,” दीर शेवटी म्हणाले. “मी त्यांना विचारतो परत. महिनाअखेरपर्यंत आवरता येईल ना?”

“येईल.”

आता हातात राहिली फक्त किंमत. खरेदीचा आकडा होऊन गेलेला होता, मूल्य त्यातूनच निघालं होतं. दोन्हीत बदलण्यासारखं काही नव्हतं. मधला चौकोन मात्र अजून त्यांच्या मर्जीचा होता. बाईंनी प्रत्येक वस्तूची विक्री किंमत खोडली आणि तिथं तळातला भाव लिहिला, वर दोन. घातलेले सगळे पैसे निघणार नाहीत हे त्यांना कळत होतं. पण स्वस्त मिळतंय म्हटलं की माणसं येतात, आणि महिना अजून पुरा होता.

माणसं आली. टेलरनं गावभर सांगितलं असावं. काउंटरपुढे तीन-तीन माणसं उभी राहायला लागली. मशीन दुरुस्त करणारे तर खोक्याच्या खोक्यानं माल उचलायचे. कुणी बाईंना मालकांच्या आठवणी सांगितल्या, कुणी आपल्या मशीनच्या तक्रारी. एका आजींनी शटल कसं बसवायचं ते विचारलं, आणि बाईंनी त्यांना ते तीनदा दाखवलं, तिसऱ्यांदा आजींच्याच हातानं. “कळलं हो, पहिल्याच खेपेला कळलं होतं,” आजी म्हणाल्या, आणि तरी बसून राहिल्या. बाईंचा आवाज आता सकाळपासूनच मोकळा असायचा.

एवढी गणिताची माणूस, पण गर्दी वाढली की माल लवकर संपतो हा साधा हिशोब त्यांनी केलाच नव्हता. बावीस तारखेला दुपारी शेवटची बॉबिन गेली. महिन्याचे आठ दिवस उरले होते, आणि राखाडी चौकोनात शून्य होतं.

तेवीस तारखेला बाई नऊ वाजता खाली उतरल्या आणि शटर वर केलं. फळ्या पुसल्या. साडेअकरा झाले, साडेबारा झाले. एकच्या सुमाराला एक अनोळखी माणूस उन्हातून आत आला. रिकाम्या फळ्यांवरून त्याची नजर फिरली.

“मशीनचा पट्टा मिळेल?”

बाईंनी खाकरून घसा साफ केला. “संपलं सगळं.”

“मग दुकान उघडं कशाला ठेवलंय?”

“कुणी आलं तर सांगायला, की संपलं.”

त्यानं मान हलवली आणि वळला. “दुसरं दुकान आहे का कुठं?”

“आहे की. बसा जरा, सांगते,” बाईंनी स्टूल पुढे सरकवलं. “असं करा. इथून निघालात की डावीकडे. डावीकडे दोन रस्ते लागतील, त्यातला अरुंद तो सोडायचा. तो का सोडायचा ते आधी सांगते.”